पोरांच्या हातात चाकू येतो तो सिनेमा-गेममुळे का? (नागपूरकरांनो, मतं हवीत)

मानेवाड्याची_आई | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मुलगा नववीत आहे. परवा शाळेच्या पालकसभेला एक पाहुणे वक्ते आले होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की नागपुरात सोळा-सतराची पोरं चाकू काढून राहिलीत, कारण दिवसभर मारामारीचे गेम, वेबसिरीज आणि साउथचे डब सिनेमे. टाळ्या भरपूर पडल्या. शेवटी ठरलं काय, तर दहावी होईपर्यंत मोबाइल बंद आणि टीव्ही फक्त बातम्यांपुरता. (बातम्यांत काय दाखवतात हे कोणी विचारलं नाही.)

माझा मुलगा रोज संध्याकाळी मित्रांसोबत गेम खेळतो, हेडफोन लावून "मार, मार, मागून मार" ओरडतो आणि घरात पाल दिसली की मलाच हाक मारतो. याउलट आमच्या मागच्या गल्लीत एक पोरगा आहे, सतराचा असेल. त्याला गेमचं वेड नाही, शाळा केव्हाच सुटली, पण अख्खी कॉलनी त्याला टरकून असते. म्हणून विचारते, यावर खरंच काही संशोधन झालंय का? अशा मुलांसोबत काम करणारं, कायद्यातलं कोणी इथे आहे का? नुसतं "आजकालची पिढी" नको, ते व्हॉट्सॲपवर खूप मिळतं.

वऱ्हाडी_ठेचा | सोमवार, रात्री १०:०५

ताई, आमच्या टायमाले मोबाइल कुठचा? बर्डीवर पंचशील टाकीज होती. पिक्चर सुटला का सायकल स्टँडवर फायटिंग सुरू. तोंडानं "ढिशूम" बी आपनच म्हनायचं. मंग पानठेल्यावर खर्रा घ्यायचा न घरी जायचं. तवाचे पिक्चर काय भजनाचे होते? सूड, बंदूक, हिरोच्या बहिनीवर अत्याचार, सारं होतं. पन कोनाच्या खिशात चाकू नोता. आता हाय. मंग फरक पडद्यात झाला का खिशात, हे कोनी सांगन का?

तर्री_पोहे | सोमवार, रात्री १०:३१

गेमर बोलतोय, त्यामुळे माझं मत एकतर्फी आहे, आधीच सांगतो. मार्च २०१९ मध्ये राजकोटला पोलिसांनी पबजीवर बंदी घातली आणि खेळणाऱ्या कॉलेजच्या पोरांना चक्क अटक केली. २ सप्टेंबर २०२० ला केंद्रानेच तो गेम बंद केला, तोही चीनमुळे, हिंसेमुळे नाही. जुलै २०२१ मध्ये तोच गेम नाव बदलून परत आला. मधल्या दहा महिन्यांत नागपुरातले चाकू म्यान झाले होते का? जपान आणि दक्षिण कोरियात गेमवर माणशी जो पैसा उडतो तो आपल्या कल्पनेपलीकडचा आहे, आणि खुनाचं प्रमाण तिथे जगात सगळ्यात कमी असलेल्या देशांत मोडतं. काका-काकूंना गेम कळत नाही, म्हणून तो गुन्हेगार.

निवृत्त_गुरुजी | मंगळवार, सकाळी ६:१५

तर्री_पोहे, तुमचा मुद्दा चटपटीत आहे, पण जपानमध्ये शाळा, पोलीस, रोजगार सगळंच वेगळं. एकाच गोष्टीवरून दोन देश तोलता येत नाहीत.

मी नोकरीभर उत्तर नागपुरात महानगरपालिकेच्या शाळेत शिकवलं. एखादा मारधाडीचा सिनेमा आला की पुढच्या आठवड्यात वर्गातली चाल बदलायची. केस बदलायचे, शर्टाची वरची बटणं उघडी, बोलण्यात तेच संवाद. ते मी हसण्यावारी न्यायचो. मात्र एक गोष्ट हसण्यावारी जाईना. मारामारीत पोरगा पडला, रक्त आलं, तर पूर्वी बाकीचे घाबरून पांगायचे. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत ते गोल करून उभे राहायचे आणि मोबाइल वर धरायचे. चाकू पाहून हात शिवशिवतो असं माझं म्हणणं नाही. रक्त पाहून जी भीती वाटायला हवी ती मरते, आणि ही भीती मारण्याचं काम पडद्यानं केलं आहे.

दुसरं. पूर्वी निदान ए सर्टिफिकेट नावाची काही चीज होती. आता यूए ७+, १३+, १६+ अशी नवी वर्गवारी आली आहे, चांगलंच आहे, पण ती पालकाला दिलेली सूचना आहे. पोरगा गच्चीवर एकटा बसून फोनमध्ये काय पाहतो, तिथे कोणतं सर्टिफिकेट जाणार?

आकडेमोड | मंगळवार, दुपारी १:२०

ताईंनी संशोधन विचारलंय. जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, जरा लांबेल.

या विषयावरच्या भाषणात हमखास येणारा प्रयोग म्हणजे अल्बर्ट बंडुरा यांचा, १९६१, स्टॅनफर्ड. तिथल्या पाळणाघरातली ७२ मुलं घेतली. काहींसमोर मोठ्या माणसाने हवेच्या बाहुल्याला हातोडीने बडवलं, शिव्या दिल्या. नंतर मुलांना आवडती खेळणी दाखवून काढून घेतली, म्हणजे आधी चिडवलं, आणि बाहुल्याजवळ सोडलं. ज्यांनी मारताना पाहिलं होतं त्यांनी तसंच मारलं. मुलं बघून शिकतात हे यातून पक्कं झालं. पण तो बाहुला मुळात मारण्यासाठीच बनवलेला, पाडला की परत उभा राहणारा. त्याला मारणं म्हणजे गुन्हा नव्हे. आजवरचा निम्मा गोंधळ इथलाच आहे. अभ्यास होतो "आक्रमकपणा"चा, भाषण होतं "गुन्हेगारी"वर.

आता गुरुजींच्या बाजूचा भक्कम पुरावा. २०१८ मध्ये २४ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, १७ हजारांहून जास्त मुलं. हिंसक गेम खेळणाऱ्यांत पुढे हाणामारीचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसलं. "थोडं" हा शब्द नीट वाचा, परिणाम आहे पण छोटा आहे. उलट बाजूला २०१९ चा ऑक्सफर्डचा अभ्यास. १४-१५ वर्षांची सुमारे हजार ब्रिटिश मुलं, आणि त्यांच्या वागण्याबद्दल मुलांना न विचारता पालकांना विचारलं. संबंध सापडला नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये हिंसक गेम आणि आक्रमकपणा यांचा संबंध मान्य केला होता. २०२० मध्ये त्याच संघटनेने स्पष्ट केलं की प्रत्यक्ष हिंसाचाराचं खापर गेमवर फोडायला पुरेसा शास्त्रीय आधार नाही.

मला सगळ्यात आवडलेला अभ्यास दोन अर्थतज्ज्ञांचा आहे, डाल आणि डेलाविन्या, २००९. त्यांनी अमेरिकेतले १९९५ ते २००४ चे आकडे घेतले: कोणत्या शनिवार-रविवारी हिंसक सिनेमाला किती गर्दी होती आणि त्याच दिवशी मारहाणीचे गुन्हे किती. हिंसक सिनेमाला गर्दी असली की गुन्हे कमी! सरासरी एका वीकेंडला सुमारे हजार हल्ले कमी. कारण साधं आहे. ज्या तरुणांना भांडायची खुमखुमी असते, तेच असले सिनेमे बघायला जातात. तेवढा वेळ ते टॉकीजमध्ये कोंडलेले असतात आणि दारू पीत नाहीत. सिनेमा सुटल्यावरही रात्री गुन्हे वाढले नाहीत. अर्थात हे झालं तेवढ्या संध्याकाळचं. वर्षानुवर्षं पाहिल्याने काय होतं, ते यात येत नाही.

वऱ्हाडी_ठेचा | मंगळवार, दुपारी १:४४

म्हंजे संध्याकाळी सहा ते बारा सारे पोट्टे टाकीजमधी कोंबले का ठानेदाराले सुट्टी! आकडेमोड भौ, हे आयुक्तालयाले कळवा.

शून्य_मैल | मंगळवार, संध्याकाळी ७:०२

अमेरिका-ब्रिटन झालं, आता गावात या. मार्च २०२५ मध्ये आपल्या महाल भागात दंगल झाली तेव्हा सिनेमाचं नाव थेट विधानसभेत निघालं होतं. संचारबंदी लागली, आम्ही दार बंद करून बसलो होतो. मग परिणाम होत नाही म्हणता कसे?

व्यवस्थापक | मंगळवार, संध्याकाळी ७:२०

शून्य_मैल, ती चर्चा वेगळ्या धाग्यावर झाली आणि तिचं काय झालं ते आपण पाहिलं. इथे अल्पवयीन मुलांचे गुन्हे एवढाच विषय ठेवूया. या मुद्द्यावरचे पुढचे तीन प्रतिसाद उडवले आहेत.

शून्य_मैल | मंगळवार, संध्याकाळी ७:४१

ठीक. दुसरं उदाहरण देतो, तेही गावातलंच. १३ ऑगस्ट २००४, जिल्हा न्यायालय. वस्तीवर वर्षानुवर्षं दहशत घालणाऱ्या अक्कू यादवला कस्तुरबा नगरच्या बायकांनी भर न्यायालयात संपवलं. तेव्हा ना रील होती ना वेबसिरीज. त्याच्यावर हिंदी सिनेमा आला २०२१ मध्ये, सतरा वर्षांनी. म्हणजे आधी नागपूर, मग पडदा. त्या वस्त्यांत जी पोरं तेव्हा सात-आठ वर्षांची होती, त्यांनी दारातूनच काय काय पाहिलं असेल? ती हिंसा कोणत्या सेन्सॉरने कापायची?

(वरच्या माझ्याच प्रतिसादाच्या हे उलट जातंय, कळतंय मला. दोन्ही खरं असू शकतं.)

निरीक्षणगृहाची_ताई | मंगळवार, रात्री ११:१०

ताईंनी विचारलं म्हणून लिहिते. मी समुपदेशक आहे, विधिसंघर्षग्रस्त बालकांसोबत काम करते. (हा सरकारी शब्द तोंडात बसत नाही, पण "बालगुन्हेगार" म्हणण्यापेक्षा बरा.) कोणत्याही एका मुलाची गोष्ट सांगणार नाही, ते कायद्यातही बसत नाही आणि मनालाही. अनेकांचं मिळून लिहिते.

सिनेमाबद्दल विचारलं तर मुलं भरभरून बोलतात. कोणता व्हिलन आवडतो, कोणाची एन्ट्री भारी. पण "त्या दिवशी काय झालं?" असं विचारलं की त्यात सिनेमा येतच नाही. कोणी तरी आईवरून शिवी दिलेली असते. धक्का लागलेला असतो, खुन्नस दिलेली असते. एखाद्या मुलीला मेसेज गेलेला असतो. तीनशे रुपये उसने दिलेले असतात. त्याच्या मागे जा, तर सातवी-आठवीत शाळा सुटलेली. बाप पितो, नाहीतर बाप नाहीच. आई चार घरची धुणीभांडी करून संध्याकाळी थकून येते. मोठा भाऊ किंवा मामा तडीपार. गांजा तर आहेच, आता एमडी नावाची नशेची पावडरही पोचली आहे. पाच-सहा मुलांची एक टोळी असते आणि त्या टोळीत "तू घाबरला" हे ऐकून घेणं मार खाण्यापेक्षा वाईट असतं.

सिनेमा कुठे येतो? पद्धतीत येतो. चाकू कसा धरायचा, मारल्यावर काय बोलायचं, टोळीला नाव काय द्यायचं. भांडणाचं कारण गल्लीतलं असतं, त्याची स्टाइल पडद्यावरची.

मात्र गुरुजी म्हणतात त्या "गोल करून मोबाइल वर धरणं" याबद्दल मला बोलायचंय, कारण ते सिनेमाचं नाही, रीलचं आहे, आणि या धाग्यावर सगळे दोन्ही एकत्र करून राहिलेत. सिनेमा पाहणारा पोरगा प्रेक्षक असतो. रीलमध्ये तो स्वतः असतो. हातात चाकू, मागे गाणं, खाली "भाई का बर्थडे", तलवारीने केक. त्याच्यावर लाइक येतात ते ओळखीच्यांचे, त्याच वस्तीतले, आणि पलीकडच्या वस्तीतल्या टोळीचेही. ते खाली कमेंटमध्ये डिवचतात. मग उत्तराची रील. मग "भेट". एकदा सगळ्यांसमोर "ठोकतो" म्हटलं की माघार घ्यायला जागा उरत नाही. पूर्वी दोघांत झालेलं भांडण रात्रीत निवायचं. आता ते सकाळीही फोनवर तसंच असतं आणि आणखी चाळीस जणांनी पाहिलेलं असतं.

त्या वक्त्यांना भेटले तर एवढंच विचारेन, तुमच्या बंदीच्या यादीत रील कुठे आहे?

तर्री_पोहे | बुधवार, सकाळी ८:३०

ताई, हा धाग्यातला पहिला प्रतिसाद आहे ज्यावर मला वाद घालावासा वाटत नाही. फक्त एक. हत्यार दाखवणारी रील टाकली की पोलीस उचलतात, माफीचा व्हिडिओ काढून तोच व्हायरल करतात. कान धरून उठाबशा. त्याने पोरं सुधारतात का आणखी फेमस होतात?

निरीक्षणगृहाची_ताई | बुधवार, सकाळी ९:०२

मोठ्यांचं माहीत नाही. अल्पवयीन मुलाचा चेहरा असा दाखवणं मुळातच गैर आहे. वकील मंडळी सांगतील. आणि हो, काहींसाठी तोही एक "सीन"च असतो.

वकील_सिव्हिल_लाइन्स | बुधवार, रात्री १०:१५

सांगतो. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४. मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही छापायचं नाही, दाखवायचं नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर "हाच तो" म्हणून फोटो फिरवणारे सज्जन नागरिकही यात येतात.

वस्त्यांत एक समज घट्ट बसलेला आहे: "अठराच्या आत काही होत नाही, तीन वर्षांत बाहेर." हा अर्धवट आहे. २०१५ च्या कायद्याने सोळा ते अठरा वयोगटासाठी वेगळी वाट केली. गुन्हा "घृणास्पद" वर्गातला, म्हणजे किमान शिक्षा सात वर्षं किंवा जास्त असलेला असेल, तर बाल न्याय मंडळ मुलाची प्राथमिक तपासणी करतं. त्याची मानसिक-शारीरिक क्षमता आणि परिणामांची समज पाहिली जाते, आणि मंडळाला वाटलं तर प्रकरण बाल न्यायालयाकडे जातं. तिथे प्रौढासारखा खटला चालू शकतो. खून यात येतो. तुम्ही ज्याला "हाफ मर्डर" म्हणता, म्हणजे खुनाचा प्रयत्न, जुनं ३०७, आता भारतीय न्याय संहितेचं १०९, ते सहसा येत नाही, कारण त्याला सात वर्षांची किमान शिक्षा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये हा फरक स्पष्ट केला.

आता माझा मुद्दा. हा समज पोरांना कोणत्या वेबसिरीजने शिकवला? कोणत्याच नाही. तो शिकवतो तिशी-चाळिशीतला माणूस, ज्याच्यावर स्वतःवर दहा केसेस असतात. "तू मार, तुले काही होत नाही, वकील मी लावतो." गाडी देतो, पेट्रोल देतो, सावजीत जेवायला नेतो. त्याच कायद्याचं कलम ८३(२) सांगतं की मुलांचा बेकायदा कामासाठी वापर करणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड. पालकसभांत गेमवर तासभर बोलतात, या कलमाचं नाव मी एकाही सभेत ऐकलेलं नाही.

आकडेमोड | बुधवार, रात्री ११:३०

वकीलसाहेबांच्या प्रतिसादाला जोडून थोडे देशाचे आकडे. एनसीआरबीनुसार (देशभरच्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारी सरकारी संस्था) अल्पवयीनांवरच्या केसेस २०१६ मध्ये ३५,८४९ आणि २०२२ मध्ये ३०,५५५. जिओ आलं सप्टेंबर २०१६ मध्ये. म्हणजे ज्या काळात फुकटच्या डेटामुळे खेड्यापाड्यांतल्या पोरापर्यंत सगळा हिंसक माल पोचला, त्याच काळात एकूण केसेस वाढल्या नाहीत, उतरल्या. फोनने गुन्हेगार बनवले असते तर आलेख असा दिसला नसता.

पण इथे थांबलो तर बेइमानी होईल. एकूण आकडा उतरला तरी त्यात हिंसक गुन्ह्यांचा वाटा वाढलेला आहे. चोऱ्या कमी, मारहाण जास्त. आणि पकडलेल्या मुलांत बहुतेक जण आईवडिलांसोबत राहणारे असतात, रस्त्यावरचे बेघर अगदी थोडे. निरीक्षणगृहाच्या ताई म्हणतात ती रील-खुन्नसची गोष्ट या वाढलेल्या वाट्यात बसू शकते. सिद्ध झालंय असं मी म्हणणार नाही.

निवृत्त_गुरुजी | गुरुवार, सकाळी ६:४०

रील आणि सिनेमा वेगळे, हे मान्य करायला मला जड जात नाही. पण रीलमधलं गाणं, चाल, संवाद कुठून येतात? सिनेमातूनच ना? मग उगमाला काहीच जबाबदारी नाही, असं म्हणणं सोयीचं आहे. "छोटा परिणाम" म्हणता, पण लाखो मुलांवर छोटा परिणाम झाला तर त्यातल्या आधीच काठावर उभ्या असलेल्या शंभरांना तो पुरतो. मला सरासरी मुलाची काळजी नाही. मला त्या शंभरांची आहे. ती माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायची.

आकडेमोड | गुरुवार, सकाळी ९:१५

गुरुजी, हा प्रश्न रास्त आहे. हे अभ्यास सरासरी सांगतात, शेवटचा बाक त्यांत सापडत नाही.

वऱ्हाडी_ठेचा | गुरुवार, दुपारी १२:५०

मी सांगू का मायं? आपल्या गावात तान्ह्या पोळ्याले मारबत निघते न संगं बडगे, म्हंजे वाईटाचे मोठाले पुतळे. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी मारबत १८८५ पासून निघून राह्यली. दरसाली नवा बडग्या: महागाईचा, डेंग्यूचा, भ्रष्टाचाराचा. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हनून जाळला का सारे घरी जाऊन पुरन-पोळी खायले मोकळे. ते वक्ते साहेब मोबाइलचा बडग्या काढून राह्यले. जाळा बाप्पा! गाडी देनारा भाई तर त्या मिरवनुकीत फटाके लावून राह्यला न!

गुरुजी, तुमचं तेवढं पटलं मले. शेवटच्या बाकावाल्याले कोनी तरी पाहिजे. आमच्या टायमाले वस्तीत आखाडा होता, उस्ताद होता. हात उचलला का उस्ताद दोन ठेवून द्यायचा न मंग दूध पाजायचा. आता त्या जागेवर मंगल कार्यालय हाय.

मानेवाड्याची_आई | गुरुवार, रात्री ९:३०

एवढं सगळं वाचून मोबाइल बंद करायचं काही मी मनावर घेत नाही. गेमची वेळ ठरवलीच आहे. मुलाला एक विचारलं मात्र, तुमच्या वर्गाच्या ग्रुपवर भांडणाच्या रील येतात का? तो म्हणाला, "येतात, पण तू कमेंट वाचू नको." हे मला सभेत कोणी सांगितलं नव्हतं.

वकीलसाहेब, आता खरा प्रश्न. मागच्या गल्लीतल्या त्या पोराला संध्याकाळी एक माणूस गाडी देऊन पाठवतो, कसलीशी पुडकी पोचवायला. अख्ख्या गल्लीला माहीत आहे. ठाण्यात गेलं तर आधी पोरालाच उचलतील अशी भीती वाटते. त्याची आई माझ्या ओळखीची आहे. कुठे सांगायचं?

वकील_सिव्हिल_लाइन्स | गुरुवार, रात्री १०:०५

१०९८ वर फोन करा, नाव न सांगताही चालतं. फोन करताना "मुलगा पुड्या विकतो" असं म्हणू नका, "एक प्रौढ माणूस मुलाचा वापर करतो" असं म्हणा. या दोन वाक्यांनी तक्रारीची दिशा बदलते. सोबत जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या नावे, बाल संरक्षण कक्षाला लेखी अर्ज द्या. गाडीचा नंबर, वेळ, जागा आणि त्या माणसाचं वर्णन घाला, पोच घ्या. पोराचा फोटो किंवा व्हिडिओ काढू नका, ग्रुपवर तर अजिबात टाकू नका. आणि त्याच्या आईला आधी विश्वासात घ्या. तिला हे बाहेरून कळलं तर ती पहिली तुमच्या दारात येऊन भांडेल.

निरीक्षणगृहाची_ताई | गुरुवार, रात्री १०:४०

आईशी बोलायला जाताना मी येऊ शकते. व्यक्तिगत निरोपात पत्ता पाठवा, इथे नको.

मानेवाड्याची_आई | गुरुवार, रात्री १०:५२

पाठवला. शनिवारी दुपारी ती घरी असते.